४० मायक्रॉनची ठेव

दसऱ्याच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रात गाड्या जितक्या जोरानं घासल्या जातात, तितक्या वर्षात दुसऱ्या कोणत्याही दिवशी घासल्या जात नसतील. सकाळी पूजा असते, झेंडूचं तोरण बॉनेटवर चढायचं असतं, म्हणून आदल्या दिवशी पाइप, बादली, शाम्पू आणि घरातला जुना टॉवेल घेऊन सगळं घर खाली उतरतं. गाडी धुऊन, पुसून झाली की कोणीतरी दारावरून हात फिरवतो आणि तो हात अडखळतो. धुतलेला रंग काचेसारखा गुळगुळीत लागायला हवा, तो बारीक पॉलिशपेपरसारखा खरखरीत लागतो. गाडी पांढरी असेल तर जवळून पाहताना टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपकेही दिसतात. मग ‘पत्रा गंजायला लागला’ म्हणून घबराट होते, किंवा ‘नीट घासली गेली नाही’ म्हणून पुन्हा रगडणं सुरू होतं. घबराट बहुतेक वेळा अनाठायी असते आणि रगडणं जवळजवळ नेहमीच चुकीचं असतं. रंगात रुतलेली घाण ताकदीनं काढायची नसते. ती कशाची आहे हे ओळखून तिला विरघळवायचं, आणि जी विरघळत नाही तेवढ्यापुरताच घर्षणाचा आधार घ्यायचा, तोही क्वचित. हा क्रम उलटा झाला की घाण निघते, पण तिच्याबरोबर जे जातं ते परत मिळत नाही.

जे जातं ते किती आहे, हे आधी पाहू. कारखान्यातून निघणाऱ्या मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे अनेक थर असतात. सर्वांत खाली फॉस्फेटची प्रक्रिया, त्यावर विजेच्या साहाय्यानं बसवलेला गंजरोधक थर सुमारे २० मायक्रॉनचा, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट १५ मायक्रॉनच्या आसपास, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. सगळं मिळून जाडी १०० ते १४० मायक्रॉन भरते. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो ते सगळं एखाददुसऱ्या केसाच्या जाडीत मावतं, आणि ज्याची चकाकी आपण पाहतो तो क्लिअर कोट बारीक केसापेक्षाही पातळ असतो. हा थर प्लास्टिकच्या जातीचं पॉलिमर आहे. त्यात सूर्याची अतिनील किरणं शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात आणि खालच्या रंगाचं संरक्षण त्यांच्यावर अवलंबून असतं. थर जितका झिजेल तितकी ती द्रव्यंही कमी होतात. ही बँकेत एकदाच भरलेली ठेव आहे. तिच्यातून काढता येतं, तिच्यात भरता येत नाही. मेणाचं पॉलिश किंवा सिरॅमिक कोटिंग तिच्यावर बसतं, तिच्यात मिळत नाही.

‘झिजली तर झिजली, पुन्हा रंगवून घेऊ’ असं म्हणणाऱ्याला एक तांत्रिक उत्तर आहे. कारखान्यात नुसती पत्र्याची बॉडी रंगवली जाते, तेव्हा तिच्यात ना वायरिंग असतं ना रबर ना सीट. त्यामुळे खालचा गंजरोधक थर १६० ते १८० अंशांवर आणि क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास भाजता येतो. जोडणी झालेल्या गाडीला डेंटिंग-पेंटिंगच्या बुथमध्ये इतकी उष्णता देता येत नाही. तिथे वेगळी, कमी तापमानाला, सुमारे ६० अंशांना वाळणारी रसायनं वापरावी लागतात. चांगला कारागीर त्यातूनही उत्तम काम करतो, यात शंका नाही. पण पत्र्याच्या सांध्यासांध्यात शिरलेला कारखान्यातला तळथर कोणत्याही गॅरेजला नव्यानं देता येत नाही. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत उभ्या असलेल्या गाडीसाठी मूळ रंग टिकवणं म्हणजे पत्राच टिकवणं आहे.

आता त्या तांबूस ठिपक्यांकडे येऊ. बहुतेक वेळा ते पत्र्याच्या गंजाचे नसतात, बाहेरून येऊन बसलेल्या लोखंडाच्या कणांचे असतात. मोटारींच्या ब्रेक डिस्क ओतीव लोखंडाच्या असतात. प्रत्येक वेळी ब्रेक लागला की डिस्क आणि पॅड दोन्ही झिजून बारीक, तापलेली पूड उडते. रेल्वेची चाकं आणि रूळ एकमेकांवर झिजतात, त्याची पूड रुळांलगतच्या वस्त्यांत उभ्या गाड्यांवर बसते. डिटेलिंगच्या व्यवसायात या कणांना ‘रेल डस्ट’ हेच नाव पडलं आहे. पण आपल्याकडे याहून तिखट उगम घराच्या दारातच असतो. सोसायटीत कोणाच्या खिडकीचं ग्रिल बसतं, गेटची दुरुस्ती निघते, आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांचा फवारा पंधरा फुटांवरच्या गाड्यांवर पडतो. ठिणगी म्हणजे जळता लोहकणच. तो रंगावर पडतो तेव्हा गरम असतो, म्हणून पृष्ठभागाला चिकटून, थोडा आत शिरून थांबतो. दिवाळीत तर हे आपण हौसेनं करतो. फुलबाजीच्या तारेवरच्या मिश्रणात लोखंडाचा कीस असतो आणि तिची सोनेरी फुलं म्हणजे त्याच किसाच्या ठिणग्या. फटाक्यांच्या दारूची राख पोटॅशियमच्या क्षारांची असते. ती हवेतला ओलावा ओढून घेते. ओलावा आणि क्षार असले की लोखंड लवकर गंजतं, आणि गंजताना फुगतं. कण आधी बारीक आणि काळा असतो, म्हणून दिसत नाही. काही आठवड्यांनी तो गंजतो, त्याभोवती तांबूस कडं पडतं आणि मालकाला वाटतं की गाडी आतून कुजते आहे.

खरा गंज आणि बसलेला कण यांतला फरक घरीच ओळखता येतो. पत्र्याचा गंज आतून वर येतो, त्यामुळे रंगाला फोड येतो, कड उचलली जाते, आणि तो बहुधा दगड लागलेल्या जागी, दाराच्या खालच्या कडेला किंवा सांध्यात असतो. बसलेले कण टप, बॉनेट, डिकी अशा आडव्या भागांवर विखुरलेले असतात आणि ठिपक्याभोवतीचा रंग सपाट असतो. ठिपके दिसत नसतील तर स्पर्शाची कसोटी आहे. गाडी धुऊन वाळवल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालायची, पावाच्या लादीची असते तशी, आणि बोटांची टोकं अगदी हलक्या हातानं रंगावरून फिरवायची. उघड्या त्वचेला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं, कारण त्वचेची चिकट पकड जाते आणि फक्त उंचवटे उरतात. मात्र या कसोटीला तिच्या जागी ठेवलं पाहिजे. ती इतकी संवेदनशील आहे की शोरूममधून काल आलेली गाडीही थोडी खरखरीत लागू शकते. खरखर लागली म्हणजे लगेच काहीतरी घासलंच पाहिजे असं नाही; खरखर लागली म्हणजे ती कशाची, हा प्रश्न सुरू झाला.

लोखंडाच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर रसायनशास्त्रानं दिलं आहे. बाजारात ‘आयर्न रिमूव्हर’ किंवा ‘फॉलआउट रिमूव्हर’ नावानं मिळणाऱ्या द्रवांमध्ये बहुधा थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असतो. हाच रसायनवर्ग केस कुरळे करण्याच्या द्रावणात आणि केस काढण्याच्या क्रीममध्ये वापरला जातो. तो उग्र गंधकी वास त्याचाच. हे रसायन गंजातल्या लोहाशी बांधलं जातं, त्याचं पाण्यात विरघळणारं संयुग होतं आणि त्या संयुगाचा रंग जांभळा असतो. पांढऱ्या गाडीवर फवारल्यावर दोन-चार मिनिटांत जांभळे ओघळ वाहू लागतात. ते पाहायला नाट्यमय असतं, पण माझ्या दृष्टीनं त्याचं मोल वेगळं आहे: एक बोटही न लावता रुतलेला कण सैल होतो. शिवाय द्रव कणाच्या कडेनं खाली झिरपतो आणि रंगाच्या आत अडकलेल्या भागापर्यंत पोहोचतो. घासण्यानं फक्त वर आलेलं टोक कापलं जातं, मूळ तसंच राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंजतं.

हे औषध आहे, म्हणून त्याचे नियमही औषधासारखे पाळायचे. आधी गाडी धुवायचीच, कारण द्रव जे लोह समोर येईल त्याच्याशी भिडतो. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत लोहाची ऑक्साइडं भरपूर असतात. महागडं द्रावण त्या धुळीवर खर्च करण्यात अर्थ नाही. काम सावलीत, पत्रा थंड असताना करायचं. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या काळ्या बॉनेटवर हात ठेवता येत नाही. तिथे फवारलेला द्रव क्षणात वाळेल आणि स्वतःचेच डाग सोडेल. हातमोजे घालायचे, वाऱ्याची दिशा बघायची, बाटलीवर लिहिलेली मिनिटं झाली की द्रव वाळू न देता भरपूर पाण्यानं धुवायचं. आणि रसायनाचं कूळ एक म्हणून केस काढण्याचं क्रीम गाडीवर फासण्याचा विचारही करू नये. ते तीव्र अल्कधर्मी असतं. हा वापर वर्षातून एकदा, फार तर दोनदा. एक पावसाळा संपल्यावर आणि दुसरा फटाके थांबल्यावर. हे द्रावण शेवटी गटारात जातं हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच दर पंधरवड्याला सवयीनं फवारणाऱ्यांशी माझं पटत नाही. गरज नसताना वापरलेलं सौम्य रसायनही उधळपट्टीच असते.

लोखंड हा एक प्रकार झाला. आपल्या शहरांत त्याहून सार्वत्रिक घाण आहे ती चुन्याची. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये स्लॅबला भेग पडते, वरचं पाणी काँक्रीटमधला चुना विरघळवत खाली येतं आणि थेंबथेंब गाडीवर पडतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे छताला लोंबणाऱ्या पांढऱ्या सुळक्यांचा पदार्थच टपावर थापला जातो. ताजा थेंब तीव्र अल्कधर्मी असल्यानं क्लिअर कोटला इजा करतो. जुना डाग दगड झालेला असतो. तो नखानं खरवडण्याचा मोह आवरायला हवा. पाण्यात निम्मं पातळ केलेलं साधं पांढरं व्हिनेगर कापसानं त्यावर काही मिनिटं ठेवलं, धुतलं आणि गरज पडली तर पुन्हा ठेवलं, की तो बुडबुडे सोडत मऊ होतो. बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्याचे गोल पांढरे डागही याच जातीचे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. ६०० मिलिग्रॅमच्या पाण्यानं धुतलेल्या गाडीवर अर्धा लिटर पाणी तसंच वाळलं, तर सुमारे ३०० मिलिग्रॅम क्षार तिथेच राहिले. तलावांतून येणारं मुंबईचं नळाचं पाणी त्या मानानं मृदू. पण त्याच मुंबईत टँकर आला की हिशेब बदलतो. म्हणून बोअरच्या पाण्यानं धुणाऱ्यानं घासण्यापेक्षा वाळवण्याकडे लक्ष द्यावं: एका वेळी एकच भाग, आणि पाणी वाळायच्या आत मोठा मायक्रोफायबर टॉवेल टेकवून टिपून घ्यायचं.

झाडाखालच्या चिकटपणाबद्दल तर गैरसमजच जास्त. कोकणात आंब्याला मोहोर आला की तुडतुडे येतात आणि त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड रस पानांवर, अंगणात, गाडीवर पडतो. बागायतदार त्याला चिकटा म्हणतात, आणि त्यावर पुढे काळी बुरशी चढते. मुंबईच्या रस्त्यांवरच्या पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव झाला, तेव्हा खालच्या गाड्यांवर पडत होता तोही असाच रस. लोक त्याला झाडाचा डिंक समजून रॉकेल घेऊन धावतात. हा रस मुख्यतः साखरेचा असतो आणि साखर पाण्यात विरघळते. कोमट पाण्याचा ओला टॉवेल दहा मिनिटं पसरून ठेवला की काम होतं. खरी राळ, म्हणजे खोडातून गळणारी, तेवढी पाण्याला दाद देत नाही. तिला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. नव्यानं केलेल्या रस्त्यावरून उडालेल्या डांबराला अल्कोहोलही पुरत नाही, ते खनिज तेलाच्या द्रावकातच विरघळतं. रॉकेलनं डांबर निघतं हा गॅरेजवाल्यांचा अनुभव खोटा नाही. डांबर काढायच्या तयार द्रवांतही बहुधा त्याच कुळातले द्रावक असतात. फरक इतकाच की रॉकेल मागे तेलकट थर सोडतं, रबराच्या पट्ट्या फुगवतं आणि पेट घेतं. वापरायचंच तर फक्त ठिपक्यापुरतं कापडाच्या टोकानं लावावं आणि लगेच शाम्पूनं धुवावं. पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर मात्र दूर ठेवावेत, विशेषतः गाडीचा एखादा भाग पूर्वी रंगवून घेतलेला असेल तर.

कोल्हापूर-सांगलीच्या भागात गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या बॉयलरच्या धुराड्यातून बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख उडते आणि सकाळी गाड्यांवर काळी पापुद्र्यांची चादर दिसते. तिच्याविषयी एकच गोष्ट सांगायची: बगॅसच्या राखेत सिलिकाचं प्रमाण मोठं असतं, म्हणून ती फडक्यानं झटकू नये, पाण्यानं वाहू द्यावी. दख्खनच्या पठारावरच्या धुळीचंही तेच. आपला काळा पाषाण, बेसॉल्ट, ज्या खनिजांचा बनला आहे त्यांची कठीणता मोह्स मापावर सहाच्या आसपास भरते. काचेवरही ओरखडा उमटवण्याची तिची ताकद आहे, तिथे पॉलिमरचं काय!

आता क्ले बार. डिटेलिंगच्या दुनियेत रुतलेली घाण म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हाच मऊ गोळा येतो. बहुतेक जण यालाच पहिला उपाय मानतात आणि माझा मतभेद इथेच आहे. मुळात ही जपानी कल्पना. गाड्या रंगवणाऱ्या कारखान्यांत शेजारच्या गाडीवर उडालेला रंगाचा फवारा आणि रेल्वेची लोहपूड काढण्यासाठी ती पुढे आली. टाडाओ कोदाते यांच्या नावावर या साधनाचं अमेरिकी पेटंट १९९५ सालचं आहे, आणि त्यात या गोळ्याचं वर्णन लवचीक ग्राइंडिंग स्टोन असंच केलेलं आहे. पॉलिब्युटीनसारख्या चिवट पॉलिमरमध्ये अपघर्षक कण मळलेले असतात. रंगावरून गोळा सरकतो तेव्हा तो सपाट भागावरून घसरतो आणि वर आलेल्या कणाला धरून तोडतो. हा गोळा चिकणमातीसारखा दिसतो म्हणून लोकांना वाटतं की तो घाण नुसती ‘ओढून’ घेतो. तो ओढतो कमी आणि कापतो जास्त. कापलेले कण त्याच्याच अंगात बसतात, आणि पुढच्या फेरीत तेच कण आपल्या रंगावरून फिरतात. काळ्या गाडीवर क्ले केल्यानंतर उन्हात जे धूसर पट्टे दिसतात ते याचेच. ते घालवायला पॉलिश करावं लागतं आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा थर उतरवणं. म्हणजे एका क्लेमागे एक पॉलिश, असा दरवर्षी दसऱ्याला नेम केला, तर दहा वर्षांत ठेवीचा मोठा भाग गेला. त्यातही घरी मोजायची सोय नाही. पत्र्यावर टेकवून जाडी दाखवणारी साधी यंत्रं सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतात, वरचा पारदर्शक थर किती उरला ते सांगत नाहीत.

यावर अनुभवी माणसं म्हणतील की क्ले नीट केला तर काही होत नाही. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं ‘नीट’ या शब्दात आहे. नीट म्हणजे लोह, चुना, डांबर ही विरघळणारी घाण आधी रसायनांनी काढून घेतल्यावर. उरलेल्या खरखरीत जागीच, सगळ्या गाडीवर नव्हे. सर्वांत मऊ प्रतीचा गोळा घेऊन. पृष्ठभाग लुब्रिकंटनं सतत ओला ठेवून, म्हणजे गोळ्याबरोबर येणाऱ्या द्रवानं किंवा भरपूर शाम्पूच्या पाण्यानं. हाताचं वजन न टाकता, सरळ रेषेत, दीड-दोन फुटांच्या चौकोनात. खरखर थांबली की हात थांबवायचा. दर काही फेऱ्यांनी गोळा उलगडून पाहायचा, मळला असेल तर दुमडून स्वच्छ बाजू वर आणायची. आणि गोळा जमिनीवर पडला की तो टाकून द्यायचा, कितीही नवा असला तरी. एकदा त्याला वाळूचा कण लागला की तो रंगावर वापरायच्या लायकीचा राहत नाही. इतकं सगळं पाळून, दोन-तीन वर्षांतून एकदा, केलेल्या क्लेला माझा विरोध नाही. रंगाचा उडालेला फवारा, झाडाच्या राळेचे घट्ट झालेले ठिपके, सिमेंटचे चिवट कण यांपुढे रसायनं थकतात, तिथे तोच उपाय आहे. रसायनं आधी वापरली की क्लेला काम थोडंच उरतं, आणि थोडं काम म्हणजे थोडं घर्षण.

यापेक्षा गंभीर आक्षेप पाण्याचा आहे. ज्या राज्यात २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तिथे गाडीच्या चकाकीवर लेख लिहावा का, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न झटकून टाकता येणार नाही. पण हिशेब मांडला तर तो घासणाऱ्यांच्या विरुद्ध जातो. बागेच्या पाइपातून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जातं. दहा मिनिटं पाइप चालू राहिला की १०० ते १५० लिटर संपले. शहरातल्या एका माणसाच्या दिवसभराच्या गरजेसाठी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष १३५ लिटरांचा आहे. दोन बादल्यांची पद्धत, एकीत शाम्पूचं पाणी आणि दुसरीत हातमोजा खळबळायचं साधं पाणी, चाळीस लिटरांत भागते. न खळबळता पुसून घ्यायचे ‘रिन्सलेस’ द्रव वापरले तर एका दहा लिटरच्या बादलीत गाडी होते. त्यातले पॉलिमर धुळीच्या कणाला वेढून उचलतात, त्यामुळे ओरखडेही कमी पडतात. चिखलानं माखलेल्या गाडीला मात्र ही पद्धत चालत नाही, तिला आधी पाणी मारावंच लागतं. टंचाईच्या काळात गाडी महिनाभर धुळकट राहिली तरी रंगाचं काही बिघडत नाही. कोरडी धूळ रंगावर पडून असते तोवर ती निरुपद्रवी आहे. ती हलवणारा फडका उपद्रवी आहे.

आणि त्या फडक्यापाशी आपल्या शहरी जीवनाची एक पक्की व्यवस्था उभी आहे. पहाटे सोसायटीत एक माणूस येतो. एक बादली, एक फडका, ओळीनं उभ्या गाड्या आणि आठच्या आत सगळ्या पुसून व्हायला हव्यात. पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीपर्यंत त्याच पाण्यातून जाते. काही महिन्यांनी उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक वर्तुळाकार ओरखडे दिसतात. दोष त्या माणसाचा नाही. त्याला पैसे मिळतात ते गाडी रोज ओली दिसण्याचे, नीट धुण्याचे नव्हेत. त्या दरात आणि त्या वेळात दुसरं काही शक्यही नाही. बदल मालकानं करायचा आहे. त्याला सांगता येईल की रोज फक्त काचा आणि आरसे पूस, रंगाला हात लावू नकोस, आणि रविवारी एक दिवस दोन बादल्यांनी गाडी धू. महिन्याचे पैसे तेवढेच. त्याचे कष्ट वाचतात, पाणी वाचतं आणि रंगही वाचतो. रोज पुसली नाही तर गाडी कळकट दिसते, असं घरातले म्हणतील. दिसू द्यावी.

सिरॅमिक कोटिंग करून घेतलं की ही सगळी कटकट संपते, हा दुसऱ्या टोकाचा विश्वास. दुकानात ‘नाइन-एच’ कठीणता सांगितली जाते आणि ग्राहकाला वाटतं की हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी मिळालं. हा आकडा बहुधा पेन्सिलीच्या कसोटीचा असतो, म्हणजे नऊ-एच पेन्सिलीनं ओरखडा उठला नाही एवढाच त्याचा अर्थ. खनिजांच्या मोह्स मापाशी त्याचा संबंध नाही. कोटिंगचा थर सामान्यतः एक-दोन मायक्रॉनचा किंवा त्याहूनही पातळ असतो. पाणी घरंगळतं, घाण कमी चिकटते आणि धुणं सोपं होतं, हे त्याचे खरे फायदे. पण लोहकण त्यावरही बसतात. आणि कोटिंगपूर्वी रुतलेली घाण काढली नसेल तर ती त्याखाली पक्की होते. म्हणून कोटिंग करून घेणाऱ्यानं दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: आधी रंग कशानं साफ करणार? ‘क्ले मारून पॉलिश’ एवढंच उत्तर आलं, आयर्न रिमूव्हरचं नावही निघालं नाही, तर पुढचं दुकान पाहावं.

काही खुणा मात्र कोणत्याही सफाईनं जात नाहीत, आणि त्यांच्यामागे लागून सर्वांत जास्त नुकसान होतं. पक्ष्यांची विष्ठा हे ठळक उदाहरण. इराणमधल्या संशोधकांनी क्लिअर कोटवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं की विष्ठेतली पचनाची विकरं, म्हणजे स्टार्च, मेद आणि प्रथिनं फोडणारी एन्झाइम्स, पॉलिमरचे रासायनिक बंध तोडायला हातभार लावतात. उष्णतेत हे जलद होतं. तापलेल्या बॉनेटवर काही तासांत ठसा उमटू शकतो. ताजी असताना ओला कपडा पाच-दहा मिनिटं ठेवून उचलली तर काही उरत नाही. उशीर झाला तर जे उरतं ती घाण नसते, तो खड्डा असतो. चुन्याच्या आणि बोअरच्या पाण्याच्या जुन्या डागांखालीही असेच उथळ खड्डे पडतात. खड्डा घासून निघत नाही; तो दिसेनासा करायचा तर त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा क्लिअर कोट खाली आणावा लागतो. पिशवीच्या कसोटीत जागा गुळगुळीत लागते पण डोळ्यांना डाग दिसतो, तेव्हा समजावं की सफाईचा विषय संपला. तो ठसा सोसून घेणं हा पुष्कळदा शहाणपणाचा निर्णय असतो, आणि डिटेलिंगच्या दुकानात तो सल्ला क्वचितच मिळतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याला हाच विचार आणखी कडक करावा लागतो, कारण आधीच्या मालकानं ठेवीतून किती काढलं हे त्याला ठाऊक नसतं. टप आणि बॉनेट निरखून पाहावेत. चकाकीखाली पांढुरका, खडूसारखा पट्टा दिसत असेल, कडांवर किंवा उंचवट्यांच्या रेषेवर रंग फिका पडला असेल, किंवा पारदर्शक पापुद्रा सुटायला लागला असेल, तर क्लिअर कोट तिथे संपत आला आहे. अशा भागावर क्ले, घासणारं पॉलिश, रबिंग कंपाउंड यांतलं काहीही लावू नये. पापुद्र्याची कड गोळ्याला लागली की ती आणखी उचलली जाते. साध्या शाम्पूनं धुवावं, बाकीच्या निरोगी भागांपुरतं लोह रसायनानं काढावं, सगळीकडे मेणाचं साधं पॉलिश हलक्या हातानं चढवावं, आणि सोललेला तेवढा एक भाग सवड आणि पैसे जमतील तेव्हा चांगल्या बुथमध्ये रंगवून घ्यावा.